सात राहिला

१

दर रविवारी सकाळी साडेनऊला थोरली घराबाहेर पडे. गॅसचं बटण एकदा डोळ्यांनी आणि एकदा बोटांनी बघायचं. स्वयंपाकघराची खिडकी ओढायची, ती निम्म्यात अडकली की खालून तळव्याचा एक फटका द्यायचा. खिळ्यावरची चावी घ्यायची आणि दार दोनदा ओढायचं. एकदा ओढलं की ते लागल्यासारखं वाटे, पण लागलेलं नसे. वडील असल्यापासून ते दार असंच होतं. वडील गेले, आई गेली, धाकटी लग्न होऊन गेली आणि मग खरोखरच गेली. दाराची खोड तेवढी गेली नाही.

दाराशेजारी खिळे दोन होते. एकावर थोरलीची चावी, दुसऱ्यावर धाकटीची. धाकटीच्या चावीला गिटार छेडायची निळी प्लास्टिकची पट्टी भोक पाडून अडकवलेली होती. लग्नानंतरही तिनं माहेरची चावी परत केली नव्हती. म्हणायची, नवऱ्याशी भांडण झालं तर मध्यरात्री तुझी झोप कशाला मोडू. भांडण कधी झालं नाही. ती गेल्यावर तिच्या नवऱ्यानं चावी आणून खिळ्याला अडकवली, चहा प्यायला आणि निघून गेला. त्याला आता चौदा महिने झाले होते.

या नवऱ्याला सगळे लांब्या म्हणत. तो गिटार वाजवायचा आणि गायचा. ड्रमवर डॉक्टर, म्हणजे दाताचे डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या दाढा कोरून झाल्यावर माणसाला काहीतरी बडवावंसं वाटतंच, असं ते सांगत. बेसवर मास्तर, शाळेत गणित शिकवणारे, थोरलीपेक्षा सहा वर्षांनी मोठे, तरी तिला ताईच म्हणायचे. सरावाची खोली डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वर होती. म्हणून सराव रविवारी सकाळीच, दवाखाना बंद असताना.

थोरली वाजवत नसे आणि गातही नसे. ती मिक्सरपाशी, म्हणजे सगळ्यांचे आवाज एकत्र करून कमीजास्त करायच्या यंत्रापाशी, बसायची. वीस वर्षं या बँडचा आवाज तिच्या बोटांतून लोकांच्या कानांत गेला होता. एरवी सोमवार ते शनिवार ती एका कानाच्या दवाखान्यात नोकरी करायची. लोकांना हेडफोन लावून बारीकसारीक सूर ऐकवायची आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगायची. त्या नोकरीत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. काही माणसं आवाज नसतानाही बटण दाबतात. ती खोटं बोलत नसतात. त्यांना ऐकू यायला हवं असतं, एवढंच.

२

बँडचं ते एकच गाणं घरोघरी पोचलं होतं. दहा वर्षांपूर्वीचं. लग्नाच्या हॉलमध्ये वाजे, रिक्षात वाजे, लोकांच्या फोनमध्ये वाजे. प्रेमगीत म्हणून सगळे ते ओळखत, आणि ते होतंही तसंच:

गॅस मी बंद केला, खिडकी मी ओढली,
चावी घेतली, छत्री घेतली,
दार दोनदा ओढलं –
तू आहेस ना?

ही शेवटची ओळ धाकटी म्हणायची. वाद्यं थांबायची आणि ती एकटी, साध्या बोलण्याच्या आवाजात विचारायची. आणि समोरचे सगळे, पाचशे असोत की पाच हजार, एका आवाजात उत्तर द्यायचे: आहे. मग ड्रम कोसळायचे. ते ऐकताना अंगावर काटा येत नाही असा माणूस थोरलीला भेटला नव्हता.

मुलाखतीत लांब्याला विचारत की हे गाणं सुचलं कसं. तो सांगे, बायको घरातून निघताना दारात थांबून असं विचारायची. लोकांना ते फार आवडे. एका वर्तमानपत्रात तर दार दोनदा ओढण्याचा अर्थ काय यावर कुणीतरी अर्धा रकाना लिहिला होता. मन एकदा मिटतं आणि पुन्हा मिटतं, वगैरे. तो दोघी बहिणींनी स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचला, आणि धाकटी हसत हसत म्हणाली होती की सुताराला बोलव बाई आता, तो खरा कवी.

खरी गोष्ट अगदी साधी होती. कार्यक्रमाआधी एकेक माइक तपासतात. मिक्सरवरचा माणूस आकडा पुकारतो, त्या आकड्याला ज्याचा माइक जोडलेला असेल तो वाजवून किंवा बोलून दाखवतो. एक ते चार ड्रम, पाच बेस, सहा गिटार, सात धाकटी, आठ लांब्या. बहुतेक गाणारे माइकमध्ये आकडेच म्हणून दाखवतात. धाकटीला त्याचा कंटाळा. थोरलीनं ‘सात’ म्हटलं की ती निघताना काय काय केलं त्याची यादी सांगायची: गॅस बंद केला, खिडकी ओढली, चावी घेतली. लग्नाआधी दोघी एकाच घरातून निघत, एकच दार ओढत. पण थोरली सामान घेऊन तासभर आधी जाई, म्हणून धाकटीचा हा हिशेब मोठ्या बहिणीपुढे. आणि शेवटी, डोळ्यांवर दिवे असल्यामुळे तिला पलीकडचं काहीच दिसत नसे म्हणून, ती विचारायची, “तू आहेस ना?”

मिक्सरवर एक छोटा माइक असतो. त्याचं बटण दाबून बोललेलं फक्त मंचावर ऐकू जातं. थोरली ते दाबायची आणि म्हणायची, “आहे.”

एवढंच. लांब्यानं एके दिवशी त्या यादीखाली चार सूर धरले, आणि गाणं झालं. ते कुणासाठी होतं हे दोघी बहिणींनी कधी कुणाला सांगितलं नाही. लांब्याला ठाऊक होतं. तो म्हणायचा, मी फक्त मधला माणूस.

आणि एक गोष्ट थोरलीनं एकटीनं जपून ठेवली होती. शेवटच्या कार्यक्रमाच्या दिवशी कुठल्यातरी तारेत घरघर येत होती. ती टेबलाखाली वाकून तारा चाचपत होती, घामाघूम. वर धाकटीची यादी संपली. “तू आहेस ना?” थोरलीनं उत्तर दिलं नाही. वैतागून हात वर केला आणि सात नंबर बंद करून टाकला. मंचावर सगळे हसले. कार्यक्रम छान झाला. तिसऱ्या दिवशी धाकटी बँकेच्या रांगेत उभी असताना तिच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली.

३

गाण्याला दहा वर्षं झाल्याबद्दल एका मोठ्या मैदानावर कार्यक्रम ठरला. आठ-दहा हजार माणसं येणार होती आणि शेवटी ते गाणं हवंच होतं. लांब्यानं हो म्हटलं. कुणी पाहुणी गायिका आणू या, असं आयोजकांनी सुचवलं तेव्हा त्यानं ऐकून घेतलं आणि विषय बदलला. ती ओळ तो स्वतः म्हणणार होता. नाही जमलं तर गिटार कपाटावर टाकणार, कायमची, हेही त्यानं डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं, आणि डॉक्टरांनी ते लगेच थोरलीला सांगितलं.

धाकटी गेल्यानंतरचा पहिला सराव कार्यक्रमाच्या चार आठवडे आधी. थोरलीनं मिक्सरवरचं कापड काढलं. प्रत्येक चॅनलखाली पांढऱ्या चिकटपट्टीवर तिच्याच अक्षरात कुणाचं काय ते लिहिलेलं. सातखाली नुसतं ‘धा’. ती पट्टी तिनं काढली नव्हती. सातला तार जोडलेली नव्हती, माइक कपाटात होता आणि आवाजाचं सरकतं बटण, ज्याला ते लोक फेडर म्हणतात, अगदी तळाशी होतं.

ती पुकारू लागली. एक. डॉक्टरांनी पायानं मोठा ड्रम ठोकला. दोन, तीन, चार. पाच, मास्तरांनी खालचा सूर धरला. सहा, गिटार.

“सात,” ती म्हणाली.

वीस वर्षांची जीभ. तिनं ओठ मिटले, पण शब्द बाहेर पडून गेला होता. कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी काठ्या मांडीवर ठेवल्या. लांब्या गिटारच्या खुंट्यांकडे बघत राहिला.

आणि सात नंबरवरचा हिरवा ठिपका एकदा लागला आणि विझला. आवाज आत आला की लागतो तो ठिपका.

“आठ,” थोरली घाईनं म्हणाली.

त्या दिवशी गाणं शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, आणि लांब्या थांबला. त्यानं तोंड उघडलं होतं. आवाज आला नाही. तो म्हणाला, पुढच्या रविवारी.

थोरलीनं घरी जाताना विचार केला. जुना मिक्सर, धूळ, आतल्या तारेचा एखादा सैल टाका. असं होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एका आजोबांनी आवाज नसताना सलग पाच वेळा बटण दाबलं. तिनं त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

४

पुढच्या रविवारी तिनं मागचं झाकण उघडून मिक्सर पुसून काढला. मग एक ते सहा झाल्यावर तिनं सात पुकारलं, या वेळी मुद्दाम. तपासणी म्हणून, असं तिनं स्वतःला बजावलं. हेडफोन कानांवर होते आणि फक्त सात नंबर ऐकण्याची कळ तिनं दाबून धरली होती.

ठिपका लागला आणि लागलेलाच राहिला.

घरघर नव्हती, खरखर नव्हती. खोली होती. रिकाम्या खोलीलाही आपला आवाज असतो; डोळे बांधून उभं केलं तर जिना कुठला आणि न्हाणीघर कुठलं हे कान सांगतात. ही खोली लहान होती, फरशीची, आणि तिच्यात एक फ्रीज चालू होता. फ्रीज थांबला आणि थांबताना त्याला एक हुडहुडी भरली. मग अगदी जवळ, टिक. गॅसचं बटण बंद होतानाची टिक.

तिनं हेडफोन काढले. सरावाच्या खोलीत फ्रीज नव्हता. खाली दवाखान्यात होता, औषधांचा, पण गॅस नव्हता.

“काय गं ताई?” लांब्यानं विचारलं. ती म्हणाली, काही नाही, आठ.

आठवडाभर तिनं स्वतःशी वाद घातला. शेजारच्या इमारतीतला कुणाचा तरी बिनतारी फोन असेल; तसले आवाज तारांत शिरतात. फ्रीज काय, सगळ्यांकडेच असतात. आणि थांबताना हुडहुडी भरणारे फ्रीज, तेही असतील दोन-चार.

तिसऱ्या रविवारी खिडकी आली. सरकत आली, निम्म्यात अडकली, आणि मग खालून तळव्याचा एक फटका.

तसा फटका जगात दोनच हात द्यायचे, आणि त्यांतला एक या घटकेला हेडफोनची तार धरून बसला होता. तिच्या डोक्यात पुढचा विचार आला तो अगदी शांतपणे आला: मी निघाल्यावर माझ्या घरात कुणीतरी आवरतंय. मग खिळ्यावरून चावी निघाल्याचा आवाज. लोखंडावर लोखंड, आणि त्यामागून प्लास्टिकची एक हलकी टिचकी.

तिनं डोकं दुखतंय असं सांगितलं आणि लांब्या त्या ओळीपर्यंत पोचायच्या आत ती निघाली. घरी येऊन दार उघडलं. सगळं जागच्या जागी. खिडकी ओढलेली, पण ती तिनंच ओढली होती. गॅस बंद, तोही तिनंच केला होता. तिनं प्रत्येक खोलीत जाऊन दिवा लावला, दुपारचे बारा वाजले असताना. पलंगाखाली वाकली आणि स्वतःचीच लाज वाटून उठली.

मग दाराशी आली. दुसरा खिळा रिकामा होता.

चावी कुठं ठेवली असेल म्हणून तिनं ड्रॉवर पालथे घातले, पिशव्या झटकल्या. लांब्याला फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, मी तर तुझ्याकडेच दिली होती ना. आणि मग म्हणाला, बरी आहेस ना ताई?

ती म्हणाली, हरवली असेल इथंच कुठंतरी.

५

चौथ्या रविवारी बाहेर पडतानाच तिनं ठरवलं होतं की सात पुकारायचंच नाही. पण सहा म्हणून झालं, आणि मध्ये जी जागा राहिली ती इतकी मोठी होती, की तिनं ती भरली. सात.

दार ओढल्याचा आवाज. थोडं थांबून, पुन्हा. मग जिना. कुणीतरी उतरत होतं. एक पायरी आणि बरोबर छत्रीचं टोक, टक. एक पायरी, टक.

इथं तिला खरी भीती वाटली. कारण धाकटी जिना अशी उतरत नसे. ती दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरायची, अगदी चाळिशीतसुद्धा, आणि आई असेपर्यंत रोज बोलणी खायची. हे पाऊल सावकाश होतं. सगळं तंतोतंत पाठ केलेलं, पण पहिल्यांदाच करणाऱ्याचं असावं तसं.

तिनं मास्तरांना हाक मारली. काही न सांगता हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, दवाखान्यात बघते तशी. मास्तरांनी मान वाकडी करून ऐकलं.

“जिना उतरतंय कुणीतरी,” ते म्हणाले. “म्हातारं माणूस दिसतंय. डॉक्टर, तुमचा पेशंट राहिला काय खाली?”

डॉक्टर म्हणाले, रविवारी मी फक्त ड्रमचे दात पाडतो. मास्तर तरीही खाली जाऊन आले. दवाखान्याला बाहेरून कुलूप होतं. परत येऊन ते जागेवर बसले, बेस गळ्यात घातला, आणि तेव्हा कुठं त्यांची नजर सात नंबरकडे गेली. तार नसलेल्या भोकाकडे. त्यांनी थोरलीकडे पाहिलं. गणिताच्या माणसाचा चेहरा, उत्तर पुढे आलंय आणि पायऱ्या सापडत नाहीत.

त्या दिवसापासून ते वाजवताना अर्धं पाऊल उजवीकडे सरकून उभे राहू लागले. धाकटीला जागा लागायची म्हणून पूर्वी राहायचे, तसे.

त्या दिवशीही लांब्या त्या ओळीपाशी थांबला. चार रविवार झाले होते. तो बाकावर बसला आणि गिटारच्या पाठीवर नखानं रेघा ओढत म्हणाला की सूर चुकायची भीती नाही, आणि रडू फुटेल असंही नाही. विचारल्यावर कुणी उत्तर दिलं नाही तर, एवढंच.

थोरलीला टेबलाखालून वर केलेला आपला हात आठवला. ती म्हणाली, “देतील रे. लोक देतील.”

ती हिशेब घालत घरी गेली. गॅस, खिडकी, चावी, दार, छत्री. यादी संपली होती. आता फक्त प्रश्न उरला होता, आणि पुढचा रविवार कार्यक्रमाचा.

६

मैदान मोठं होतं आणि दुपारचं ऊन सगळीकडे सारखं पसरलं होतं. आकाशात ढगाचा ठिपका नाही. मिक्सर मैदानाच्या मधोमध, एका छोट्या मांडवात, मंचापासून चाळीस पावलांवर. मंचावर चार माइकस्टँड उभे होते, कारण आयोजकांच्या माणसांनी जुन्या यादीप्रमाणे सामान लावलं होतं. चौथा स्टँड लांब्याच्या डावीकडे. त्यावर माइक नव्हता. नुसता दांडा, आणि तो काढून टाका असं कुणीच म्हणालं नाही.

थोरलीनं आधीच ठरवलं होतं. जे येतंय ते काय आहे हे तिला माहीत नव्हतं. ती धाकटी असेल तर तिला तोंड कसं दाखवायचं, आणि नसेल तर हजारो माणसांत तिला बोलावायचं कशाला? न पुकारता कुणी येत नाही, एवढं या चार रविवारांत कळलं होतं.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

“आठ,” ती म्हणाली.

मंचावर काहीच झालं नाही. आठला लांब्यानं बोलायचं होतं. तो बोलला नाही. डॉक्टरांनी मान वर केली. मास्तर आपल्या बुटांकडे बघत होते, अर्धं पाऊल उजवीकडे सरकलेले. रिकाम्या मैदानावर तंबूच्या दोऱ्या तेवढ्या वाजत होत्या.

मग लांब्यानं माइकमध्ये तोंड घातलं आणि साध्या आवाजात म्हणाला, “ताई, सात राहिला.”

त्याला माहीत होतं. किती, ते कळायला मार्ग नव्हता, पण चारही रविवारी ती मधली जागा त्यानंही ऐकली होती.

थोरलीनं हेडफोन लावले. ती म्हणाली, “सात.”

हिरवा ठिपका लागला, त्यावर दुसरा, तिसरा. या वेळी घर नव्हतं, जिना नव्हता. हेडफोनमध्ये हेच मैदान होतं. तंबूच्या दोऱ्या होत्या, पण लांबून. ड्रम मागून येत होते, आणि लांब्या तार जुळवत होता ती उजव्या कानाजवळ, इतकी जवळ, की त्याच्या बोटांचं सरकणंही कळत होतं. मंचावर त्या रिकाम्या दांड्यापाशी उभं राहिलं तर जसं ऐकू येईल, तसं. आणि या सगळ्याच्याही अलीकडे, एक श्वास.

आलं होतं.

तिनं फेडरला हात लावला नाही. तो तळाशीच होता. “आठ,” ती म्हणाली, आणि लांब्या म्हणाला, “आठ. आहे मी.”

७

पाचला सुरुवात झाली. मैदान भरून गेलं होतं. बापाच्या खांद्यावर पोरी, काठ्या टेकणारी माणसं, शेवटच्या रांगेत सायकली टेकवून उभे राहिलेले. बँडनं पहिल्या गाण्यापासून जो जोर धरला तो थोरलीनं वीस वर्षांत पाहिला नव्हता. डॉक्टरांनी एक काठी मोडली आणि हसत दुसरी घेतली. मास्तर, जे एरवी फळा पुसल्यासारखे वाजवतात, ते चक्क नाचत होते. सात नंबरचा ठिपका तासभर शांत होता. फक्त टाळ्या झाल्या की थोडा हले, जसा मंचावरच्या माइकचा हलायला हवा तसाच.

सूर्य खाली गेला तेव्हा लांब्यानं त्या गाण्याचे पहिले चार सूर धरले, आणि मैदानातून एक हुंकार उठला.

गॅस मी बंद केला. लोक बरोबर म्हणत होते. खिडकी मी ओढली. चावी घेतली, छत्री घेतली. थोरलीची बोटं आपोआप काम करत होती: ड्रम थोडे खाली, गिटार वर. हेडफोनमध्ये तिनं सात ठेवला होता. श्वास तालात चालला होता.

दार दोनदा ओढलं –

वाद्यं थांबली.

लांब्यानं तोंड उघडलं, आणि थांबला. मैदानही थांबलं. दहा हजार माणसांच्या छातीत उत्तर तयार होतं आणि प्रश्नच येत नव्हता. एक सेकंद, दोन, तीन. मागे कुठंतरी एक मूल काहीतरी विचारायला लागलं आणि त्याला गप्प केलं गेलं. लांब्याचा हात तारांवरून खाली येऊ लागला. गिटार कपाटावर जायला निघाली होती.

सात नंबरचे ठिपके वर चढले. हिरवे, आणि मग पिवळा.

हेडफोनमध्ये, अगदी तिच्या कानात, साध्या बोलण्याच्या आवाजात विचारलं गेलं. “तू आहेस ना?”

आवाज धाकटीचा होता. म्हणजे धाकटीचाच वाटला. थोरलीला स्वतःचा भरवसा नव्हता. आवाज नसताना बटण दाबणारी माणसं तिनं वर्षानुवर्षं पाहिली होती. जिन्यावरचं ते सावकाश पाऊल तिला आठवत होतं. ही ती नसेलही. पण प्रश्न तोच होता, तिला विचारलेला होता, आणि चौदा महिने उत्तरावाचून पडला होता.

तिनं डाव्या हातानं बोलायचं बटण दाबलं आणि तोंड त्या छोट्या माइकपाशी नेलं.

“आहे,” ती म्हणाली. “आहे गं.”

आणि उजव्या हातानं सात नंबरचा फेडर थेट वर नेला.

लोकांनी नेमकं काय ऐकलं यावर पुढे बरेच दिवस बोलणं झालं. कुणी म्हणे जुनी ध्वनिफीत लावली होती, कुणी म्हणे लांब्यानंच आवाज काढला. थोरलीनं एवढंच पाहिलं, की मंचावर तिघांनीही एकाच वेळी चौथ्या स्टँडकडे मान वळवली, आणि लांब्याची नजर त्या रिकाम्या दांड्याच्या टोकावर नव्हती. ती वीतभर खाली होती, धाकटी बुटकी, तिचा चेहरा असायचा तिथं. तो हसला.

मग दहा हजार माणसांनी उत्तर दिलं.

ते उत्तर पायांखालून आलं. मिक्सरवरचे सगळे ठिपके एकदम लाल झाले, मांडवाचे खांब थरथरले, आणि डॉक्टरांचे ड्रम कोसळले. लांब्या गायला लागला तो गात राहिला. शेवटचं कडवं, मग पुन्हा पहिलं, मग लोकांनी सोडलं नाही म्हणून आणखी एकदा. थोरली रडत होती का हसत होती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण हात चुकला नाही. एकाही सुराला तिनं धक्का लागू दिला नाही.

गाणं संपलं तेव्हा सात नंबर अंधारात होता.

८

सामान आवरताना लांब्या तारा गुंडाळत मिक्सरपाशी आला. कोपरापासून अंगठ्यापर्यंत वेढे घालत, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, “त्या दिवशी तू तिला बंद केलं होतंस ना. घरी जाताना रस्ताभर हसत होती. म्हणे, वीस वर्षांत पहिल्यांदा ताईनं मला गप्प बसवलं.”

थोरली मिक्सरवर कापड घालत राहिली.

“मी तुला आधीच सांगायला हवं होतं,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुला आठवत नसेल.”

तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली, जरा जोरातच, आणि तारा नीट गुंडाळ म्हणाली.

ती घरी पोचली तेव्हा आठ वाजायचे होते. कानांत अजून ते उत्तर भरलेलं होतं. जिना ती सावकाश चढली, एकेक पायरी, कारण पाय दुखत होते. मध्येच तिच्या लक्षात आलं की आता तिचंही पाऊल हेडफोनमधल्या त्या पावलासारखंच पडतं, आणि ती क्षणभर कठड्याला धरून उभी राहिली.

दार उघडून आत आली. दिवा लावला. स्वयंपाकघरात फ्रीज थांबला, आणि थांबताना त्याला हुडहुडी भरली.

दुसऱ्या खिळ्यावर चावी होती. निळ्या पट्टीची.

थोरलीनं मागे हात करून दार दोनदा ओढलं. मग आपली चावी शेजारच्या खिळ्याला अडकवली, अगदी हलक्या हातानं, शेजारची हलणार नाही अशी. कारण ती आधीच हलत होती. आत्ताच कुणीतरी अडकवल्यासारखी, या बाजूला, त्या बाजूला.

घरात कुणी काही विचारलं नव्हतं. तरी ती म्हणाली, “आहे.”